विंडोज एक, संगणक दोन

घरचा संगणक : लेखांक ७

गेल्या आठवड्यात विंडोज नव्याने कसं टाकायचं ते पाहिलं. आज त्याच्या शेजारचाच प्रश्न घेऊ : एका संगणकासाठी घेतलेलं विंडोज दुसऱ्या संगणकावर चालतं का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून घरोघरी नवं मशीन घेण्याचा विचार सुरू आहे. एकदा विंडोजचे पैसे भरले असताना पुन्हा कशाला भरायचे, हा हिशेब रास्तच आहे. पण त्याचं उत्तर तुमचा परवाना कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं, आणि नेमकी हीच गोष्ट विकताना कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एकाच पेनड्राइव्हवरून दहा मशीनवर विंडोज टाकण्यात काहीही गैर नाही. दहाही मशीनचे आपापले परवाने असले म्हणजे झालं. इन्स्टॉल करायची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवता येते. पैसे असतात ते वापरण्याच्या परवानगीचे, आणि ती एका वेळी एका मशीनवर एका प्रतीची असते. त्याच मशीनला कितीही वेळा फॉरमॅट मारा, परवाना तोच राहतो. मात्र त्याच मशीनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन उभं करून दुसरं विंडोज चालवलं, तर शर्तींनुसार ते वेगळं मशीन ठरतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो.

दुकानातून आणलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीपासून असतं. हा ओईएम परवाना, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीमार्फत आलेला. तो त्या मशीनबरोबर जन्मतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला पंचवीस अक्षरांची की छापलेला स्टिकर असायचा; वर्षा-दोन वर्षांत तो घासून अक्षरं दिसेनाशी व्हायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ती की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. म्हणूनच हल्ली लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकताना की विचारलीच जात नाही. लॅपटॉप विकला तर परवाना त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. लॅपटॉप भंगारात गेला तर परवानाही गेला. मदरबोर्ड बिघडला म्हणून कंपनीने तसाच दुसरा बसवून दिला तर मात्र नवा परवाना घ्यावा लागत नाही.

दुसरी जात रिटेलची, म्हणजे स्वतंत्र पैसे मोजून घेतलेली. हा परवाना एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, पुढे तिसऱ्यावरही. एकामागून एक चालतं, एकाच वेळी दोन्हीकडे नाही. नव्यावर टाकण्याआधी जुन्यावरून काढलंच पाहिजे, ही अट शर्तींत स्पष्ट लिहिलेली आहे. विंडोज १० चा रिटेल परवाना असेल तर त्याच परवान्यावर नव्या मशीनवर विंडोज ११ ही चालतं. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज असतंच, त्यामुळे तिथे याचा उपयोग नाही. ज्यांना पार्ट आणून असेंबल्ड मशीन जुळवायचं आहे, त्यांचे मात्र यात चांगले पैसे वाचतात.

आपल्याकडे काय आहे ते पाहणं सोपं आहे. स्टार्ट मेन्यूत 'सीएमडी' टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्या काळ्या खिडकीत छोट्या इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून डी-एल-आय लिहून एंटर दाबा. क्षणभरात एक छोटी चौकट उघडते. तिच्यात 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं. यात एक फसवी जागा आहे. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड करून १० झालेल्या लॅपटॉपवर 'रिटेल' दिसू शकतं, पण मूळ परवाना ओईएम असेल तर तो हलवता येत नाही. अशा मशीनच्या बाबतीत मूळ बिल पाहिल्याशिवाय ठरवू नका.

घरच्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम' आणि पुढे 'केएमएस क्लायंट' दिसलं तर सावध व्हा. ही व्यवस्था मोठ्या संस्थांसाठी आहे. त्यांच्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर असतो आणि किमान पंचवीस संगणक त्याच्याकडे नोंदले गेल्याशिवाय तो एकाही विंडोजला मान्यता देत नाही. दिलेली मान्यताही १८० दिवसांची असते, ती परत परत ताजी करावी लागते. घरी असा सर्व्हर कुठून येणार? 'विंडोज मारून देतो' म्हणणाऱ्याने ॲक्टिव्हेटर नावाचा प्रोग्रॅम टाकून सर्व्हरचं सोंग उभं केलेलं असतं. असे प्रोग्रॅम चालवताना अँटीव्हायरस बंद करायला लावतात आणि त्यांना मशीनवर पूर्ण अधिकार द्यावे लागतात. त्याच मशीनवर आपण बँकेचे व्यवहार करतो, आधारची प्रत ठेवतो. फुकटात मिळालेल्या विंडोजपायी एवढं सगळं अनोळखी माणसाच्या हाती देणं मला कधीच पटलेलं नाही.

एकच की दोन ठिकाणी वापरली तर कंपनीला कळतं कसं? २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन आलं, ते याचसाठी. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा घटकांवरून मशीनची एक खूण तयार व्हायची आणि ती कीशी जोडली जायची. थोडेफार पार्ट बदलले तर चालायचं, फार बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागायचं. फोनवरून करताना पलीकडचा यांत्रिक आवाज विचारायचा, ही प्रत किती संगणकांवर टाकली आहे? विंडोज १० पासून ही खूण कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलं, तर मदरबोर्ड बदलल्यावर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमधून 'हार्डवेअर बदललं आहे' असं कळवून परवाना परत मिळवता येतो. हे जोडणं मशीन धडधाकट असतानाच करून ठेवा. मशीन बंद पडल्यावर ते जमत नाही.

इंटरनेटवर कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या कींबद्दलही सांगायला हवं. त्यातल्या पुष्कळशा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या किंवा जुन्या मशीनवरून काढलेल्या असतात. आज त्या ॲक्टिव्हेट होतात, उद्या कंपनीने अडवल्या की पैसे बुडाले. ॲक्टिव्हेट झालं म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही. युरोपात चित्र थोडं वेगळं आहे. तिथल्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला यूज्डसॉफ्ट खटल्यात वापरलेला परवाना पुन्हा विकायला मुभा दिली, पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि अनेकांसाठीचा एक परवाना तुकडे करून विकायचा नाही, अशा अटींवर. म्हणजे तिथेही एकाच वेळी दोघांनी वापरायची सोय नाहीच.

आपल्याकडचा कायदा छोट्या दुकानदारांनी आणि क्लासवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ६३बी या कलमानुसार, संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. धंदा करणाऱ्याला तशी सवलत मागता येत नाही, आणि नेमकं त्यांच्याच टेबलांवर एका कीवर चाललेली पाच-पाच मशीन दिसतात.

असेंबल्ड मशीन घेताना दुकानदाराला विचारा, विंडोज ओईएम आहे की रिटेल? ओईएम स्वस्त पडतं, पण ते त्याच मदरबोर्डला बांधलेलं राहतं. चार-पाच वर्षांनी मशीन बदलायचा विचार असेल तर रिटेलचे जास्तीचे पैसे वसूल होतात. उत्तर काहीही मिळो, ते बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई परवान्याआधी उडते. ज्यांना हा खर्च परवडणारा नाही त्यांनी ॲक्टिव्हेटरच्या वाटेला जाऊ नये. एकाच पेनड्राइव्हवरून हव्या तितक्या संगणकांवर कायदेशीरपणे टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि जुन्या मशीनवर ती चांगली चालते. पुढच्या आठवड्यात लिनक्स.