आठ वर्षांच्या मुलाच्या म्हाताऱ्या धमन्या

१९३३ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघातानं गेला. शवविच्छेदनात काय दिसावं? मानेतल्या धमन्या जाड, कडक, एखाद्या म्हाताऱ्याच्या असाव्यात तशा! कारण कुणालाच कळेना. तीसेक वर्षांनी त्याच घराण्यातल्या एका मुलीला होमोसिस्टिन्युरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार निघाला आणि ती जुनी केस पुन्हा वर आली.

किल्मर मॅककली या पॅथॉलॉजिस्टनं त्या मुलाचे जपून ठेवलेले नमुने मायक्रोस्कोपखाली घातले. पुढे दोन महिन्यांच्या एका बाळाची केसही हाती आली. त्याच्या शरीरातला बिघाड वेगळाच, तरी धमन्यांची दशा तीच. मुलाच्या आजारात रक्तातलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाढतं, बाळाच्या आजारात ते उलट घटतं. म्हणजे मेथिओनिन सुटलं. दोघांच्याही रक्तात वाढलेलं उरलं ते होमोसिस्टिन. धमन्या तेच बिघडवतं, असं मॅककलींनी १९६९ साली मांडलं.

हे होमोसिस्टिन बाहेरून येत नाही. डाळ, दूध, अंडी, मांस यांतलं मेथिओनिन वापरून झालं, की पेशीतच ते तयार होतं आणि तिठ्यावर येऊन थांबतं. एक वाट परत मेथिओनिनकडे जाते. तिथं मुख्यतः बी-१२ आणि फोलेट लागतं. दुसरी वाट बी-६ च्या मदतीनं सिस्टिनकडे. वाटा तुंबल्या की होमोसिस्टिन रक्तात साचतं. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर ठीक. होमोसिस्टिन्युरियात ते १०० च्याही वर जातं.

मग ही बी व्हिटॅमिनं देऊन हार्ट अटॅक टळतील? होप-२ आणि नॉर्व्हिट या मोठ्या चाचण्यांचे निकाल २००६ साली आले. होमोसिस्टिन उतरलं, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. चीनमध्ये २०१५ साली वेगळंच दिसलं. वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत रक्तदाबाच्या औषधाला फॉलिक ॲसिडची जोड दिली, तर पक्षाघात पाचव्या हिश्शानं घटले. होमोसिस्टिन कुठं गुन्हेगार आणि कुठं नुसता साक्षीदार, हा वाद अजून मिटलेला नाही.

बी-१२ च्या उणिवेची साक्ष मात्र ते चोख देतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टिन जास्त. आणि बी-१२ ची सर्वाधिक वानवा मध्यमवर्गात! बी-१२ बनवतात फक्त सूक्ष्मजीव. आपल्याला ते मिळतं दूध, अंडी, मासे, मटणातून. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा लाखावा भागसुद्धा नाही. म्हणून रिपोर्टात होमोसिस्टिन जास्त दिसलं, तर हृदयाची धास्ती घेण्याआधी डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारावं. ते कमी पडलं तर मज्जातंतूंना इजा होते, आणि ही उणीव वेळीच भरून काढता येते.