गुन्हेशास्त्राचे अभ्यासक : लेखांक ७ — पेट्यांतले दप्तर

दहशतवादाचा अभ्यासक म्हटला म्हणजे तो मुत्सद्देगिरीच्या किंवा लष्करी डावपेचांच्या वर्तुळातला कोणी असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु या विषयाला हिशेबाची शिस्त लावण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे प्राध्यापक गॅरी लाफ्री हे मूळचे साध्या, रोजच्या गुन्ह्यांचे अभ्यासक. इंडियाना विद्यापीठातून १९७९ साली समाजशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून त्यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात पुष्कळ वर्षे अध्यापन केले. बलात्काराच्या फिर्यादींचे पोलिसांपासून न्यायालयापर्यंत काय होते याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९८९ साली निघाला, आणि महायुद्धोत्तर अमेरिकेत वाढलेल्या गुन्हेगारीचा संबंध शासन, अर्थव्यवस्था व कुटुंब या संस्थांच्या ढासळत्या प्रतिष्ठेशी जोडणारा दुसरा ग्रंथ १९९८ साली. येथवर दहशतवादाचे नावही नाही.

गुन्हेशास्त्रज्ञाचा सारा व्यवहार पोलीस दप्तरातील नोंदींवर चालतो, आणि दहशतवादाच्या बाबतीत नेमके असे सर्व देशांना पुरणारे दप्तर कोठेच नव्हते. ते सापडले मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी. पिंकर्टन या जुन्या खाजगी गुप्तहेर कंपनीच्या एका शाखेने, परदेशी व्यापार करणाऱ्या आपल्या अशिलांना धोक्याची कल्पना यावी एवढ्याच हेतूने, १९७० पासून १९९७ पर्यंत जगभरच्या हल्ल्यांची वृत्तसंस्थांच्या बातम्यांवरून टाचणे करून ठेवली होती, आणि हे कारकुनी काम करणाऱ्यांत अमेरिकन हवाई दलातील निवृत्त माणसे बरीच होती. या टाचणांच्या पेट्या २००१ साली लाफ्री यांनी विद्यापीठात आणवल्या; सुमारे सदुसष्ट हजार घटनांचा तपशील (स्थळ, तारीख, शस्त्र, लक्ष्य, मृतांची संख्या) विद्यार्थ्यांकरवी संगणकात चढवला गेला आणि त्यातून जागतिक दहशतवादाचा तो माहितीसंग्रह उभा राहिला, ज्यात पुढे दोन लाखांहून अधिक घटना जमा झाल्या. ज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, की एकाने धंद्यासाठी केलेली खर्डेघाशी दुसऱ्याच्या शास्त्राचा पाया होते.

या दप्तरात एक भगदाड आहे. कंपनीच्या कचेरीच्या स्थलांतरात १९९३ सालची टाचणे गहाळ झाली. देशवार बेरजा तेवढ्या हाती राहिल्या. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील पहिला बॉम्बहल्ला त्याच वर्षीचा, आणि १२ मार्चचे, २५७ माणसांचे बळी घेणारे मुंबईतील साखळी स्फोटही त्याच वर्षीचे. त्यामुळे या संग्रहावरून वर्षावर्षांचे आलेख काढणाऱ्याला ते साल आजही वगळावे लागते. मूळ कागद नष्ट झाला की मागाहून कितीही वृत्तपत्रे चाळली तरी तो पुरता भरून निघत नाही.

हिशेब हाती आल्यावर मात्र काही रूढ समजुतींना धक्का बसला. लॉरा ड्यूगन आणि रावेन कोर्ट यांच्यासह लाफ्री यांनी २००९ साली उत्तर आयर्लंडमधील १९६९ ते १९९२ या काळातील सहा ब्रिटिश उपायांची परीक्षा केली, तेव्हा जरब बसल्याचा पुरावा केवळ एकाच बाबतीत, म्हणजे १९७२ च्या जुलैअखेरीस हजारो सैनिक एकदम उतरवणाऱ्या ‘मोटरमन’ मोहिमेच्या बाबतीत मिळाला; एरवी पारडे उलट्या परिणामाकडेच झुकले, दडपणामागून हल्ले वाढण्याकडे. सरकारी गोटात हा निष्कर्ष फारसा गोड लागला नसावा. विमान-अपहरणांच्या आधीच्या अभ्यासात ड्यूगन, लाफ्री व अॅलेक्स पिकेरो यांना आढळले होते, की धातुशोधक यंत्रे आणि तपासणी नाके यांनी सामान्य अपहरणकर्त्यांना आवर घातला, पण दहशतवादी हेतूने विमान पळवणाऱ्यांवर त्यांचा तसा परिणाम दिसला नाही. शिक्षेचे भय घालताना समोरचा माणूस नफातोट्याचा हिशेब करतो असे आपण गृहीत धरतो, आणि त्याचा हिशेब आपल्याहून वेगळ्या चलनात चालतो हे विसरतो.

लॉरा ड्यूगन यांच्या कामाचा परिचय पुढील लेखांकात.