दुपारी तापवा, पहाटे वापरा

डिसेंबर-जानेवारीत भीमेच्या काठी पहाटे चांगलाच गारठा असतो. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकमध्ये त्या वेळी सगळ्या घरांना एकदमच गरम पाणी हवं असतं. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे, शाळेची मुलं, धारा काढून आलेली माणसं, सगळ्यांच्या आंघोळी पाच ते आठच्या दरम्यान उरकतात. पूर्वी हे काम अंगणातला तांब्याचा बंब करायचा. आता पुष्कळ घरांत दोन हजार वॅटचा गीझर आहे आणि हिवाळ्याचं वीजबिल मुख्यतः त्याच्यामुळे फुगतं. म्हणून हीट पंपाची चौकशी सुरू झाली, की पाठोपाठ प्रश्न येतो: तो कोणत्या दराच्या विजेवर चालवायचा?

आधी हिशोब पाण्याचा. पाच माणसांच्या घरात माणशी एक बादली धरली तर रोज शंभर लिटर पाणी लागतं. ते २५ अंशांनी तापवायला सुमारे २.९ युनिट उष्णता लागते. गीझर वीज जाळूनच ही उष्णता बनवतो, त्यामुळे त्याला रोज जवळपास तीन युनिट वीज लागणारच, म्हणजे महिन्याला ९०. कितीही चांगल्या कंपनीचा घेतला तरी यात फारसा फरक पडत नाही.

हीट पंपाची रीत वेगळी आहे. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर आणते. तसाच हीट पंप हवेतली उष्णता उचलून टाकीतल्या पाण्यात आणून सोडतो. आत तीच यंत्रणा असते, जी घरातल्या फ्रिजमध्ये असते: थंड नळीत शीतकद्रव्य हवेची उष्णता घेऊन वाफ होतं, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो, आणि ती पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ सालीच मांडली होती. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्यापुरती. म्हणून एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात जमा होते आणि ९० युनिटांचं काम तीसेक युनिटांत होतं.

हे तीनाचं प्रमाण मात्र स्थिर नसतं. बाहेरची हवा जितकी गार, तितकी उष्णता जास्त उंचावर चढवावी लागते. पाणी ५५ अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर उष्मागतिकीच्या नियमाने एका युनिटामागे मिळू शकणारी कमाल उष्णता १२ अंशांच्या हवेत सुमारे साडेसात युनिट आणि ३० अंशांच्या हवेत तेरा युनिट निघते. प्रत्यक्षातलं यंत्र याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचतं, पण कल तोच राहतो. शिरूर तालुक्यात हिवाळ्यात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात सहज पंधरा-अठरा अंशांचा फरक असतो. तेव्हा दर काहीही असो, दुपारी चालवलेला हीट पंप पहाटेपेक्षा कमी युनिट खातो. टाकी चांगल्या वेष्टनाची असेल तर रात्रभरात पाणी थोडंच निवतं.

आता दुपारची वीजही स्वस्त झाली आहे. ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हीट पंपासाठी वेगळी दरयोजना निवडता येते, मुंबईत पुरवठादारही बदलता येतो. वढूत पुरवठादार एकच, महावितरण. इथे निवड उरते ती वेळेची. ज्यांच्याकडे टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा स्मार्ट मीटर बसला आहे, अशा घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत न्यायची, असं तेव्हा ठरलं.

ही सवलत मला आकड्यापेक्षा तिच्यामागच्या उलथापालथीसाठी महत्त्वाची वाटते. याच महाराष्ट्रात २०२५ पर्यंत उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त होती, आणि सकाळी ९ ते १२ मध्ये युनिटमागे ८० पैसे जादा द्यावे लागत. औष्णिक केंद्रांना रात्री गिऱ्हाईक नसायचं म्हणून तसे दर होते. आता सौर वीज दुपारी भरपूर आणि सूर्य मावळला की ओढाताण. म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून सौर तासांत दर उतरवायला सांगितलं. जपानमध्येही हेच घडलं. तिथे २००१ मध्ये ‘इकोक्यूट’ नावाचे घरगुती हीट पंप आले ते रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी तापवण्यासाठी; २०२२ पासून मुद्दाम दिवसा, सूर्यप्रकाशाच्या वेळी तापवणारी मॉडेलं विकली जाऊ लागली. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात रात्री पाणी द्यायला जाताना वाटणाऱ्या बिबट्याच्या भीतीने शेतकरी वर्षानुवर्षं दिवसा वीज मागत आले. सौर कृषी वाहिनी योजनेतून ती मागणी पुरी होऊ लागली आहे, आणि घरच्या टाकीलाही तोच सूर्य उपयोगी पडावा हे मला मनापासून हवं आहे.

पण पैशांचा हिशोब नीट पाहा. तीस युनिटांवर ८० पैशांनी महिन्याला २४ रुपये वाचतात. त्यासाठी कुणी यंत्र घेणार नाही. खरा फरक पडतो तो स्लॅबमुळे. जुलै २०२५ च्या दरांत, वहन आकार धरून, पहिले १०० युनिट साधारण पावणेसहा रुपयांनी आणि १०१ ते ३०० युनिट साधारण साडेबारा रुपयांनी होते. म्हणजे शंभरी ओलांडली की दर दुपटीहून वर जातो, आणि ३०० व ५०० च्या पुढे आणखी चढतो. घराचा इतर वापर १०० युनिट असेल तर गीझरचे सगळे ९० युनिट महागड्या स्लॅबमध्ये पडतात. हीट पंपाने त्यातले ६० वाचले की महिन्याला साडेसातशे रुपये सुटतात, वीज शुल्क वेगळं. हाच वापर शंभरीच्या आत बसत असता तर बचत निम्म्याहून कमी झाली असती. दरयोजना निवडायची म्हणजे आधी स्लॅब उतरवायचा आणि मग वेळ साधायची.

तरीही प्रत्येक घराने हीट पंप घ्यावा असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत गीझरच्या अनेक पट असते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बरेच जण गार पाण्यानेच आंघोळ करतात. चार माणसांच्या घराला गच्चीवरचा सौर बंब अजूनही बरा. त्याला तर वीजही लागत नाही. गावठाणाबाहेर वस्तीवर दाब कमी-जास्त होत असेल तर कॉम्प्रेसरला स्टॅबिलायझर हवाच. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांवर क्षार धरतात, तेव्हा वर्षातून एकदा सफाई लागते. पाणी साठवायचं तर ते अधूनमधून साठ अंशांपर्यंत तापवावं, म्हणजे जंतू वाढत नाहीत. दहा-बारा माणसांचं एकत्र कुटुंब, भाडेकरूंच्या खोल्यांची चाळ, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला येणाऱ्यांसाठी चालवलेला भक्तनिवास, अशा ठिकाणी मात्र वर्षभर पाणी लागतं आणि यंत्राचे पैसे लवकर वसूल होतात. व्यवसायाची जोडणी असेल तर दर वेगळे, तिथे घरगुती हिशोब लावू नये.

खरेदीला जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि हिवाळ्यातले युनिट पाहा. गीझर धरूनही ते शंभरच्या आत असतील तर हीट पंप घेऊ नका. दीडशे-दोनशेच्या पुढे जात असतील आणि घरात माणसं जास्त असतील तर जरूर घ्या, टायमर दुपारी १२ ते ४ वर लावा, आणि मीटर टीओडी आहे की नाही हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. ज्यांच्याकडे गीझरच आहे त्यांनी तो गरजेपुरताच चालू ठेवावा आणि थर्मोस्टॅट उतरवावा. त्याला एक पैसाही लागत नाही.