खिळ्यावरची शर्यत

कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी राहणाऱ्या डॉन मर्फी यांची अडचण तशी घरगुतीच होती. मुलांनी स्वतः बनवलेल्या, इंजिन नसलेल्या गाड्यांची उतारावरची शर्यत, म्हणजे ‘सोप बॉक्स डर्बी’, अमेरिकेत तेव्हा गाजत होती. तिच्यात उतरायला मर्फींचा मुलगा लहान होता, अवघा दहाचा. मर्फी विमानं बनवणाऱ्या ‘नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन’मध्ये कलादिग्दर्शक होते. त्यांनी शर्यतच लहान करून टाकली. पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं, चार खिळे आणि उतरती लाकडी पट्टी. १५ मे १९५३ रोजी त्यांच्या ‘कब स्काउट’ पथकाची पहिली ‘पाइनवुड डर्बी’ झाली. ऑक्टोबर १९५४च्या ‘बॉइज लाइफ’ मासिकात गाडीचे आराखडे छापून आले आणि हा खेळ अमेरिकाभर पसरला. आज तिथे वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलंही स्काउटमध्ये गेली की हा ठोकळा घेऊन येतात.

ठोकळा सात इंच लांब, म्हणजे पावणेअठरा सेंटीमीटर. तयार गाडीचं वजन पाच औंसांच्या, सुमारे १४२ ग्रॅमच्या, वर जाता कामा नये. बहुतेक घरांत सगळा जीव ओतला जातो तो आकारावर आणि रंगावर. गाडी टोकदार हवी, लाल हवी, वर आकडा हवा. वेगाच्या हिशेबात मात्र आकाराचा वाटा लहान. वजन मर्यादेपर्यंत भरलं आणि शिसं किंवा टंगस्टन मागच्या बाजूला ठेवलं, की गुरुत्वाकर्षणाकडून मिळायचं ते जवळपास प्रत्येकाला सारखंच मिळतं. पुढे प्रश्न उरतो तो वाटेत किती सांडतं एवढाच. आणि सांडतं ते मुख्यतः चाकात आणि आसात.

थोडं गणित करू. सुरुवातीची जागा शेवटापेक्षा चार फूट उंच धरली, तर घर्षण नसताना गाडी खाली सेकंदाला ४.९ मीटर वेगाने पोचेल. चाकाचा व्यास साधारण तीन सेंटीमीटर. म्हणजे चाक सेकंदाला पन्नासहून अधिक फेरे घेतं, मिनिटाला तीन हजारांवर! हे सगळं फिरणं होतं ते दोन मिलिमीटरहून किंचित जाड अशा खिळ्यावर, बेअरिंगशिवाय. वेळ मोजणारी यंत्रं सेकंदाचा हजारावा भाग दाखवतात आणि तेवढ्यात गाडी पाच मिलिमीटर पुढे गेलेली असते.

खिळा पाकिटातून निघतो तो शेवटी खिळाच. माथ्याच्या खालच्या अंगाला धातूची बारीक कड सुटलेली असते, दांड्यावर यंत्राने पकडल्याचे वण असतात. फिरतं चाक नेमकं त्यांनाच घासतं. म्हणून खिळा ड्रिलमध्ये पकडायचा, हलक्या हाताने कानस लावून कड आणि वण काढायचे, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. आधी ४०० नंबरचा, पुढे ६००, १०००, २०००. मधला नंबर गाळला की आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि खिळा नुसता चमकतो. कानस फार दाबली तर खिळा बारीक होतो किंवा वाकतो. तेही वाईट.

चाकाचं काम नाजूक. साच्यातून निघताना त्याच्या धावेवर उंचवटा राहतो, तो घासून काढावा लागतो. पण किती घासायचं, हे नियम ठरवतात आणि नियम पथकागणिक बदलतात. चाक हलकं करणं बहुतेक ठिकाणी मना आहे. त्याला कारण आहे. चाकाला नुसतं पुढे न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं आणि त्यासाठी वेगळी ऊर्जा खर्ची पडते. याच हिशेबाने काही जण एक पुढचं चाक जरासं उचलून ठेवतात. जमिनीला न टेकणारं चाक फिरवावं लागत नाही.

वंगणाचं काय? बैलगाडीच्या आखाला चिकट काळं वंगण लागतं, इथे लागते कोरडी ग्राफाइटची पूड, कारण तेलाने ट्रॅक खराब होतो म्हणून पुष्कळ पथकं ते चालू देत नाहीत. पूड नुसती टाकून भागत नाही. चाक बोटाने पुन्हा पुन्हा फिरवून ती छिद्रात आणि खिळ्यावर बसवावी लागते.

मात्र पॉलिशपेक्षाही गाडीची चाल महत्त्वाची, असं मला हिशेबावरून वाटतं. गाडी एक मीटर गेली तर चाकाचं छिद्र खिळ्यावर जेमतेम आठ सेंटीमीटर घसरतं. पण गाडी तिरकी जाऊन चाक ट्रॅकच्या मधल्या पट्टीवर आपटलं, तर ते घर्षण बाहेरच्या कडेवर, पूर्ण त्रिज्येवर बसतं. मागचे खिळे माथ्याकडे अंशा-दोन अंशांनी वर कलते ठेवले, की चाकं आपसूक माथ्याकडे सरकतात आणि लाकडाला घासत नाहीत.

आता हे सारं आठ वर्षांच्या मुलाने करायचं की बापाने? १९७३मध्ये अ‍ॅक्रनच्या सोप बॉक्स डर्बीत विजेत्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला होता, म्हणजे मोठ्यांची हाव जुनीच. करवत आणि ड्रिल बापाकडे राहू द्यावं. खिळ्याला हाताने कागद लावणं मात्र मुलाला नक्की जमतं, फक्त कंटाळा येतो. त्या कंटाळ्यावर बाजारात तोड आहे: घासूनपुसून तयार खिळे आणि चाकं पाकिटात मिळतात. काही पथकांनी त्यांवर बंदी घातली आहे, पण चकचकीत खिळा कोणी घासला, हे तपासणीच्या टेबलावर ओळखता येत नाही.