मोकळी जागा राखावी लागते

पुण्यातल्या जुन्या बागांत फिरताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. या बागा आपोआप उरलेल्या नाहीत, कोणीतरी त्या राखल्या आहेत.

सारसबागेचेच पाहा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवले. तळ्यातल्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. पुढे तळे गेले. त्या जागेवर इमारती सहज उभ्या राहिल्या असत्या. पण तिथे बाग झाली. म्हणून आज तिथल्या हिरवळीवर कोणीही एक पैसा न खर्चता तासभर बसू शकतो. 39 एकरांची एम्प्रेस गार्डनही एका संस्थेने एकोणिसाव्या शतकापासून सांभाळली, म्हणूनच तिथले जुने वृक्ष टिकले.

इंग्लंडमध्ये बर्कनहेड हे गाव गोद्यांमुळे झपाट्याने वाढत होते. तिथे 1847 मध्ये लोकांच्या पैशातून सर्वांसाठी उद्यान खुले झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार ओल्मस्टेड याने 1850 मध्ये ते पाहिले आणि तो भारावून गेला.

आपले शिक्रापूर आज अशाच वळणावर आहे. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे गावोगावचे कामगार इथे आले. एका खोलीत चौघे राहतात, पाळी संपली की जायचे कुठे? चहाच्या टपरीवर, नाहीतर हमरस्त्याच्या कडेला. पूर्वी पिंपळाचा पार, वेळ नदीचा काठ आणि गायरान हीच गावाची बाग होती. म्हातारी माणसे तिथे सुखदुःख बोलत, पोरे खेळत. झाड नुसती सावली देत नाही. पानांतून निघणाऱ्या बाष्पामुळे भोवतालची हवाही थंड होते. आणि रोज भेटणारी माणसे अडचणीला एकमेकांच्या दारी जातात.

सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना 10 टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियमही आहे. पण नकाशावरची मोकळी जागा प्रत्यक्षात कुठे आहे, हे ग्रामसभेत आपणच विचारायला हवे. ती सापडली की आधी कुंपण घालावे, मग वड, पिंपळ, कडुनिंब लावावेत. कारंजी आणि पुतळे नंतरही करता येतील. एकदा घरांखाली गेलेली जमीन मात्र पुन्हा मिळत नाही.