अर्धे वाक्य, अर्धा व्यवहार

आपल्या पेढ्यांवरील बराचसा पत्रव्यवहार आता इंग्रजीत होतो आणि तो लिहिण्याचे काम बहुधा घरातील तरुण पिढीकडे येते. शब्द त्यांना ठाऊक असतात. वाक्य मात्र कित्येकदा अपुरे राहते. अशा अपुऱ्या वाक्याला इंग्रजी व्याकरणात ‘सेंटेन्स फ्रॅगमेंट’ म्हणतात. ही उणीव केवळ परीक्षेतील गुणांपुरती नाही.

एक नमुना पाहू : ‘वुई विल रिलीज द पेमेंट. इफ द गुड्स रीच बाय फ्रायडे. वुई विल प्लेस द नेक्स्ट ऑर्डर.’ शुक्रवारपर्यंत माल पोहोचण्याची अट येथे कोणाला लागू? पैसे देण्याला, की पुढील मागणीला? माल शनिवारी पोहोचला, तर एकाच पत्राच्या आधारे दोन्ही पक्ष आपापले म्हणणे खरे ठरवतील. अट ‘पेमेंट’लाच जोडायची असेल, तर ‘पेमेंट’नंतरचा पूर्णविराम काढावा आणि दोन वाक्यांचे एक करावे.

ही चूक होण्यास आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. ‘उद्या पाठवीन’ यात ‘मी’ क्रियापदातच सामावलेला असतो. ‘हा आमचा नमुना’ हे वाक्य क्रियापदावाचूनही पूर्ण वाटते. इंग्रजीत तसे चालत नाही. ‘विल सेंड टुमारो’ असे लिहिले, तर पाठवणारा कोण, आपण की वाहतूकदार, हे शब्दांतून कळत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. कर्ता आहे काय? काळ दाखवणारे क्रियापद आहे काय? ‘द गुड्स रीचिंग मुंबई’ यात ‘आर’ नाही, म्हणून ते अपुरे. वाक्याचा आरंभ ‘इफ’, ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘ऑल्दो’ यांपैकी एखाद्या शब्दाने झाला असल्यास त्याच वाक्यात मुख्य विधान आहे काय? उत्तर ‘नाही’ आले, तर तो तुकडा शेजारच्या वाक्याला जोडावा किंवा उणा शब्द घालून पूर्ण करावा.

जाहिरात, दुकानाची पाटी, बिलातील रकाने येथे तुकडे शोभतात. वचन, अट आणि मुदत यांना मात्र पूर्ण वाक्यच हवे.

पत्र धाडण्यापूर्वी ते शेवटच्या वाक्यापासून उलट क्रमाने वाचावे. मागचा-पुढचा आधार सुटला की अपुरे वाक्य आपोआप उघडे पडते.