हेडफोनवरील सराव-यंत्र : धारूरसारख्या गावात जोडधंद्याची एक वाट

वाद्य वाजविणाऱ्याची खरी अडचण कार्यक्रमात नसते, सरावात असते. लग्नाच्या मांडवात कितीही मोठा आवाज झाला तरी लोक एक रात्र सहन करतात; परंतु तोच सूर, तीच चूक आणि पुन्हा तोच सूर रोज दोन तास ऐकण्याची शक्ती कोणत्याही शेजाऱ्यात नसते. बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या गावी, जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागलेली असते. एकाच खोलीत आजारी वडील पडलेले असतात आणि बहीण दहावीचा अभ्यास करीत असते. तेथे शिकणाऱ्या मुलाने गिटार वाजवावी कोठे? या अडचणीवर आता खिशात मावणारी यंत्रे निघाली आहेत. वाद्यात पिन खोचायची, कानाला हेडफोन लावायचा. वाजविणाऱ्याला सर्व ऐकू येते, शेजाऱ्याला काहीच नाही. या यंत्रात तालुक्याच्या गावातील रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांसाठी काही रोजगार आहे काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वाद्यसंगीताविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत आणि व्यापाराच्या पानावर तो वाद सोडविण्याचा आमचा इरादा नाही. ज्यांच्या मनाचे समाधान होत नसेल त्यांनी हा माल ठेवू नये. मात्र पुढे सांगितलेली तारा, पिना व लहान अ‍ॅम्प्लिफायरची कारागिरी मशिदीच्या ध्वनिवर्धकालाही लागते आणि शाळेच्या माईकलाही, म्हणून त्यांनीही हा लेख वाचण्यास हरकत नाही.

यंत्र आहे तरी काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळून केलेला ‘पिकअप’ असतो. पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह निर्माण होतो. हेडफोन थेट गिटारला जोडला तर त्यातून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, कारण एवढ्या क्षीण प्रवाहाने हेडफोनचा पडदा हलत नाही. मध्ये एक लहान अ‍ॅम्प्लिफायर हवा. हाच अ‍ॅम्प्लिफायर काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या डबीत बसविला की सराव-यंत्र तयार झाले. महागड्या यंत्रांत मोठमोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या नकला, ताल धरणारी टिकटिक आणि मोबाईलवरील गाणे सोबत ऐकण्याची सोय असते.

बास गिटार वाजविणाऱ्याची गरज आणखी मोठी. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बासची सुमारे ४१ वेळा. एवढा खर्जाचा सूर मोबाईलच्या किंवा लहान डब्याच्या स्पीकरमधून निघतच नाही, आणि मोठा स्पीकर लावला तर तो भिंतीतून पार पलीकडच्या घरात जातो. बास वाजविणाऱ्याला घरी सराव करावयाचा असेल तर चांगल्या हेडफोनवाचून गत्यंतर नाही.

कल्पना जुनी, रूप नवे

१९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन आणला आणि खिशातून गाणे ऐकण्याची सवय जगाला लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेतील टॉम शोल्झ या गिटारवादकाने ‘रॉकमन’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. हे गृहस्थ शिक्षणाने इंजिनिअर. गिटारवाल्याने घरी हेडफोनवर वाजवावे एवढाच त्या यंत्राचा हेतू होता. पुढे नामांकित वाद्यवृंदांनी ते ध्वनिमुद्रणासाठीही वापरले. २००७ मध्ये व्हॉक्स कंपनीचे ‘अ‍ॅमप्लग’ आले. ते दोन बारीक पेन्सिल सेलांवर चालते आणि गिटारच्याच भोकात बसते. २०२१ मध्ये फेंडरचे ‘मस्टँग मायक्रो’ व २०२४ मध्ये बॉसचे ‘कटाना गो’ आले. ही यंत्रे मोबाईलसारखी चार्ज होतात. चिनी कंपन्यांची स्वस्त यंत्रेही आता पुष्कळ आहेत.

आपल्या देशातही या जातीचे काम झालेले आहे. बंगळूरचे इंजिनिअर जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. तंबोरा छेडण्यास माणूस नसला तरी गवयाचा रियाज अडू नये, हा त्यातील उद्देश. सराव करणाऱ्याची नेमकी अडचण ओळखून तिच्यापुरते यंत्र बनविणे हे या धंद्याचे मूळ आहे.

धारूरात गिऱ्हाईक कोण?

धारूरात केवळ गिटारवाल्यांच्या भरवशावर कोणी दुकान उघडील तर त्याचे भांडवल अडकून पडेल. गिटार घेणारी मुले तालुक्याच्या गावी थोडीच असणार. परंतु आपल्याकडे ज्याला ‘बँजो’ म्हणतात ते वाद्य मात्र घरचे आहे. मिरवणुकीतील बँजो पार्टी असो की कव्वालीची मैफल, डाव्या हाताने कळा दाबून उजव्या हाताने तारा छेडण्याचे हे वाद्य महाराष्ट्रभर वाजते. याचे खरे नाव बुलबुल तरंग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ हे वाद्य बनविले. त्याचेच हे हिंदुस्थानी रूप. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप लावला आणि ते स्पीकरवर नेले.

नेमका मुद्दा येथेच आहे. विजेवर वाजणाऱ्या बँजोत बहुधा गिटारसारखाच चुंबकाचा पिकअप असतो आणि बाहेर तीच पाव इंची जाड पिन लागते, जिला बाजारात पी-३८ म्हणतात. म्हणजे गिटारसाठी निघालेले यंत्र बँजोलाही चालते. कंपन्यांच्या जाहिरातीत बँजोवाल्याचे नाव नसते, आणि बँजोवाला ती जाहिरात आपल्यासाठी आहे असे समजत नाही. या दोघांची गाठ घालून देणारा माणूस गावात पाहिजे. डीजेमुळे बँजो पार्ट्यांची कामे कमी झाली आहेत. जी उरली आहेत ती नवी गाणी चटकन बसविणाऱ्यांनाच मिळतात. नवे गाणे बसवायचे म्हणजे सराव आला, आणि तो दिवसाची मजुरी आटोपल्यावर रात्रीच होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

नफा डबीत नव्हे, तारेत

हिशेब करून पाहू. समजा, पाच हजारांचे यंत्र विकून दुकानदाराला पाचशे रुपये सुटले. तेच यंत्र गिऱ्हाईक मोबाईलवरून घरपोच मागवू शकते, बहुधा तुमच्यापेक्षा कमी भावात. वर्षातून अशी चार यंत्रे विकली तरी दोन हजारच. याउलट तारेचा विचार करा. समजा, पिन व चांगली तार मिळून दीडशे रुपये लागले आणि स्वच्छ डाग देऊन केलेली तार अडीचशेला गेली, तर एका तारेमागे शंभर रुपये सुटले. आणि तार दरवर्षी तुटते. पिकअपची गुंडाळी तुटणे, पिनेचे भोक सैल होणे, आवाजाच्या बटणात खरखर येणे, जमिनीची तार सुटून घूं घूं आवाज येणे ही कामे घरपोच मिळत नाहीत. त्यांसाठी गावात माणूसच लागतो.

हुनर हातात असला की माल बदलता येतो, याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात मिरजेला आहे. तेथील शिकलगार हे मूळचे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या आणि धंदा बसला. तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब यांनी सतारीच्या कामात हात घातला. त्यांच्या वंशजांना लोक सतारमेकर म्हणून ओळखू लागले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धारूरच्या रेडिओ-मेकॅनिकने आज एवढीच दृष्टी ठेवावयाची आहे.

गावात बनविता येईल काय?

साधे यंत्र अवश्य बनविता येईल. एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी ध्वनीच्या लहान कामासाठी वर्षानुवर्षे वापरात आहे. ती अत्यंत स्वस्त असून ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालते. परंतु पुष्कळ जण पिकअप थेट या आयसीला जोडतात आणि आवाज दबका, मेलेला येतो. कारण असे की, या आयसीच्या प्रवेशाचा रोध सुमारे ५० हजार ओहम असतो, तर चुंबकाच्या पिकअपला १० लाख ओहमच्या आसपास हवा. म्हणून आधी एक फेट ट्रान्झिस्टर किंवा टीएल ०७२ सारखी आयसी घालावी. दुसरी चूक हेडफोनच्या पिनेची. वाद्याचा आवाज एकेरी असतो. तो दोन्ही कानांना पोचविण्यासाठी पिनेचे दोन्ही बिंदू जोडावे लागतात, नाही तर एकच कान वाजतो. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे हे सर्व सुटे भाग मिळतात. अशा यंत्रात नकली आवाजांची चैन नसते; सराव मात्र होतो.

गिऱ्हाइकाला खरे सांगा

ओले धान्य ढिगाच्या तळाशी लपविणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) भर बाजारात टोकले होते, ही हदीस प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावी. या धंद्यातील ‘ओले धान्य’ तीन ठिकाणी असते.

पहिले, ब्लूटूथ. ब्लूटूथच्या हेडफोनवर साधारणतः आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही उशिरा पोचतो. गाणे ऐकताना ते कळत नाही. पण आघात आता आणि सूर नंतर असे झाले की वादकाचा ताल बिघडतो. यंत्रातील ब्लूटूथ हे मोबाईलवरील गाणे यंत्रात घेण्यासाठी ठीक. कानाला मात्र तारेचाच हेडफोन द्यावा. बिनतारी पण झटपट चालणारे खास हेडफोन निघाले आहेत, परंतु ते महाग आहेत.

दुसरे, नाव. परदेशी कंपनीचे चिन्ह छापलेला नकली माल अस्सल म्हणून विकू नये. बिननावाचा माल बिननावाचा म्हणून विकण्यात कमीपणा नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, कान. शेजारी वाचला म्हणून वाजविणारा वाचला असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. तोच ९० डेसिबल झाला तर मर्यादा अवघी ४ तासांची. कानाच्या आतील बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बँजो पार्टीतील मुलांचे कान आधीच मिरवणुकीत भाजून निघालेले असतात. म्हणून यंत्र विकताना बटण कोठपर्यंत फिरवावे हे दाखवून द्यावे, आणि सरावानंतर कानात शीळ वाजत असेल तर आवाज जास्त होता असे समजावे, हेही सांगावे. गावात बनविलेल्या यंत्रात आवाजाला वरची मर्यादा घालणारा रोध बसविणे तर आपल्याच हातात आहे.

भांडवल आणि हंगाम

या भागातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बाजारातील पैसा त्याच हिशेबाने हलतो. म्हणून माल भरण्याची घाई हिवाळ्यात करू नये. लग्नसराईपूर्वी तारा व दुरुस्ती, आणि गणेशोत्सव व उरुसांच्या आधी सराव-यंत्रे, असा क्रम ठेवावा. आरंभी नमुन्याचे एकच यंत्र दुकानात ठेवावे, गिऱ्हाइकाला स्वतःच्या वाद्यावर लावून ऐकू द्यावे आणि मागणीप्रमाणे आणून द्यावे. यासाठी व्याजाचे कर्ज काढण्याची मुळीच आवश्यकता नाही. ज्याच्याजवळ हुनर आहे पण पैसा नाही, त्याने पैसेवाल्या नातेवाइकाशी मुजारबत करावी. नफ्याचे प्रमाण आधी ठरवून दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे.

हा धंदा कोणाला लक्षाधीश करणार नाही. परंतु मोबाईलचे काचेचे काम करून कंटाळलेल्या तरुणाला महिन्याकाठी चार जादा कामे मिळाली, एखाद्या बँजोवाल्याचे हातचे काम टिकले आणि गल्लीतील आजाऱ्याला रात्री झोप लागली, तर तिघांचेही भले झाले. धारूर, केज, माजलगाव, अंबाजोगाई अशा गावांतील कारागिरांनी प्रथम आपल्या गावात किती बँजो आहेत ते मोजावे, आणि मगच पिना विकत आणाव्यात.